निपुत्रिक चुलत्याचं मृत्युपत्र आणि आमची हरकत

मृत्युपत्र खोटं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर नसते. ते खरं आहे हे दाखवायची जबाबदारी ते घेऊन येणाऱ्यावर असते. करवीर तालुक्यातली शेती आणि कोल्हापूर शहरातल्या पेठेतलं जुनं घर, या दोन्हींवर एका लांबच्या नातेवाइकानं मृत्युपत्राच्या जोरावर हक्क सांगितला, तेव्हा तलाठी कार्यालयातल्या हरकतीपासून दिवाणी दाव्यापर्यंतची सगळी आखणी आम्हाला या एका गोष्टीवर करावी लागली. भाऊबंदकीत माणसं नेमकं उलटं करतात. चावडीत जाऊन 'कागद बनावट आहे' म्हणून ओरडतात आणि मग तो बनावट असल्याचा पुरावा स्वतःच हुडकत बसतात.

आधी वारस कोण ते कागदावर पक्कं करावं. मयत विधुर, निपुत्रिक, आईवडील आधीच वारलेले, अशी आमच्याकडची स्थिती. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे वर्ग १ मधलं (मुलं, बायको, आई असे सगळ्यात जवळचे वारस) कुणी नसेल तर मिळकत वर्ग २ कडे जाते, आणि त्यात हयात भाऊ व बहिणी एकाच पायरीवर, समान हिश्श्यानं येतात. आधी वारलेल्या भावाची मुलं त्याच्या खालच्या पायरीवर आहेत. एक जरी भाऊ किंवा बहीण हयात असेल तरी या पुतण्यांना चुलत्याच्या मिळकतीत काही येत नाही. (वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा बापाकडून आलेला हिस्सा असेल तर तो निराळा.) गावात मात्र धावपळ करणारा पुतण्याच हरकतीवर सही करून मोकळा होतो, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला 'यांना हरकतीचा अधिकार काय?' म्हणून विचारतो. सही हयात वारसांची हवी. वंशावळीत सगळ्या बहिणी हव्यात, लग्न होऊन इचलकरंजीला गेलेलीही आणि अबोला धरलेलीही. वंशावळ अर्धवट दिली की पुढच्या सगळ्या म्हणण्यावर शंका येते. मयत स्त्री निपुत्रिक असेल तर हिशेब वेगळा: कलम १५(२) प्रमाणे माहेरकडून वारशानं आलेलं वडिलांच्या वारसांकडे आणि नवऱ्याकडून वा सासऱ्याकडून आलेलं नवऱ्याच्या वारसांकडे जातं.

मृत्यूचा दाखला हातात आला की त्याच्या पाच-सहा प्रती काढून मयताचं जिथे जिथे खातं आहे तिथे लेखी कळवावं आणि प्रत्येक अर्जावर पोच घ्यावी. बँक, पोस्ट, गावची सेवा सोसायटी, साखर कारखान्याचं शेअर खातं, दूध संस्था. अर्ज साधाच असतो: खातेदार मयत आहे, वारसांत वाद आहे, निकालापर्यंत रक्कम कुणाला देऊ नये, मयताचं एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग बंद करावं. मयताचा मोबाइल कुणाच्या ताब्यात आहे हे आधी बघा, कारण ओटीपी तिथेच येतो. नॉमिनी म्हणून दुसऱ्याचं नाव लागलेलं असेल तर घाबरू नका. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे सरबती देवी प्रकरणात डिसेंबर १९८३ मध्ये सांगितलं आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत शक्ती येझदानी प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी. तरीही काउंटरवर 'नॉमिनी आहे, देऊन टाकतो' हे उत्तर मिळतं, म्हणून अर्ज आधी पोचलेला बरा.

खरी घाई सातबाऱ्यावर असते. मृत्युपत्रावरून नाव लावायचा अर्ज तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गेला की गाव नमुना ६ मध्ये फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला जातो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. नोटीस अनेकदा जुन्या पत्त्यावर जाते किंवा घरातल्या भलत्याच माणसाच्या सहीनं बजावली जाते. म्हणून मृत्यूनंतर 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडून प्रलंबित फेरफार दर आठवड्याला पाहावेत, ते फुकट असतं. त्याहून चांगलं म्हणजे वारस नोंदीचा आपला अर्ज आधी देणं. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत तो द्यायचाच असतो. आपला अर्ज आधी पडला तर हरकत घेत फिरायची वेळ समोरच्यावर येते.

हरकत तोंडी चालत नाही. दोन प्रतींत लिहावी, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. मजकूर एका पानाचा पुरतो: आम्ही कोण (वंशावळ व शपथपत्र जोडून), मिळकत कोणती (गाव, गट नंबर किंवा रि.स.नं. म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, क्षेत्र), मृत्युपत्र आम्हाला मान्य नाही, ते सक्षम दिवाणी न्यायालयातून सिद्ध झाल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये, आणि मूळ मृत्युपत्र पाहणीसाठी हजर करायला सांगावं. बस. सही कुणी केली असेल, त्या दिवशी कोण कुठे होतं, कोण कुणाला काय म्हणालं, हे तिथे लिहू नये. महसुली जबाबातलं प्रत्येक वाक्य पुढे दिवाणी उलटतपासात समोर येतं, आणि रागात लिहिलेलं वाक्य हमखास दुसऱ्या वाक्याशी भांडतं.

लेखी हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये जातं आणि मंडल अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागते. मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवणं महसूल अधिकाऱ्याचं काम नाही. फेरफार हा महसूल वसुलीपुरता असतो, त्यानं मालकी मिळत नाही, आणि मृत्युपत्रावरून वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं, असं सर्वोच्च न्यायालयानं जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात ६ सप्टेंबर २०२१ रोजी म्हटलं आहे. त्या निकालाची प्रत हरकतीला जोडावी. तरीही नोंद मंजूर झाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. मुदत ६० दिवस, नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, उशीर झाला तर माफीचा अर्ज, आणि सोबत स्थगितीचा अर्ज. स्थगिती महत्त्वाची, कारण नोंद चुकीची असली तरी कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते आणि त्या सातबाऱ्यावर कर्ज निघतं, साठेखत होतं.

शहरातल्या घराचं सगळं वेगळं. ए, बी, सी, डी, ई वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) असं ज्याचं वर्णन, त्या मिळकतीची नोंद नगर भूमापन कार्यालयात, मालमत्ता पत्रकावर होते. तलाठ्याकडे दिलेली हरकत तिथे पोचत नाही, स्वतंत्र द्यावी लागते. महापालिकेच्या घरफाळा विभागात तिसरी. घरफाळ्याला नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही, पण पावत्या आणि लाइट बिल पुढे ताब्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात. शिवाय समोरचा वारस दाखल्याचा किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज गुपचूप टाकू शकतो. त्याची जाहीर नोटीस स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करून ठेवता येतं. ते ९० दिवसच चालतं, मग नवं द्यावं लागतं.

आता मृत्युपत्राची प्रत. ते नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडे पुस्तक ३ मध्ये असतं. हे पुस्तक खरेदीखतांसारखं लोकांसाठी खुलं नाही, त्यामुळे वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये किंवा ई-सर्चवर मृत्युपत्र दिसत नाही. पण नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे करणारा वारल्यावर कुणीही अर्जदार नक्कल मागू शकतो. मृत्यू दाखला जोडायचा. नोटरी केलेलं असेल तर नोटरीच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक, तारीख आणि तिथली सही पाहण्याची मागणी करावी. तो अनुक्रमांक दुसऱ्याच कागदाला दिलेला निघाला तर पुढचं अर्धं काम झालं. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, तरी लोक वापरतात, आणि तो बोलतो: मागच्या बाजूला विक्रेत्याचा शिक्का, खरेदीची तारीख, घेणाऱ्याचं नाव असतं. मयताचा कागद आणि स्टँप लाभार्थ्याच्या नावानं खरेदी झालेला, हे दिसलं की ती ओळ अधोरेखित करून ठेवावी.

प्रत मिळाली की सही पाहायची सगळ्यांना घाई असते. आमचं मत, आधी मिळकतीचं वर्णन वाचावं. जुन्या तारखेच्या कागदात नंतर पडलेला पोटहिस्सा आहे का? कागदाच्या तारखेनंतर घेतलेली जमीन आहे का? आधार क्रमांक देणं सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झालं, मग त्याआधीच्या तारखेच्या मृत्युपत्रात आधार नंबर कसा? वय, पत्ता, बायकोच्या मृत्यूचा उल्लेख, वॉर्ड, सगळं तारखेशी जुळवून पाहावं. सहीवर तज्ज्ञ दोन्हीकडून मिळतात. जन्माला न आलेल्या गट नंबरावर समोरच्याला उत्तर सापडत नाही.

मग औपचारिकता. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा, किमान दोन साक्षीदार, प्रत्येकानं करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं किंवा 'ही माझी सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं, आणि प्रत्येकाची सही करणाऱ्याच्या समक्ष. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही. कोर्टात त्यातला किमान एक तपासावा लागतो. ही अट आधी पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. एकच साक्षीदार आणला तर त्यानं दुसऱ्याच्या सहीबद्दलही सांगितलं पाहिजे, हे जानकी नारायण भोईर प्रकरणापासून पक्कं आहे. बरीच मृत्युपत्रं इथे पडतात. साक्षीदार 'मयतानं सही केली, मग मी केली' एवढंच सांगून मोकळा होतो. लेखनिक किंवा दुय्यम निबंधक आपोआप साक्षीदार ठरत नाहीत. तीस वर्षं जुना कागद म्हणून खरा, ही सवलतही मृत्युपत्राला नाही.

एक गैरसमज वकिलांच्या तोंडूनही ऐकला: लाभार्थीच साक्षीदार असेल तर त्याला दिलेलं रद्द. तसं सांगणारं कलम ६७ उत्तराधिकार कायद्यात आहे, पण ते हिंदूंच्या मृत्युपत्राला लागू नाही. हिंदूंना लागू असलेली कलमं तिसऱ्या परिशिष्टात दिली आहेत, त्यात ६७ नाही. म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. ती बाब संशयास्पद परिस्थिती म्हणून वापरावी. 'संशयास्पद परिस्थिती' ही कल्पना एच. व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणातून येते (निकाल नोव्हेंबर १९५८ चा): सही थरथरती किंवा नेहमीपेक्षा वेगळी, जवळच्यांना कारण न देता वगळलेलं, लाभार्थ्यानं स्वतः पुढाकार घेऊन कागद करवून घेतलेला. अशा शंका असतील तर त्या दूर करायचं ओझंही मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच. नोंदणी झालेली आहे म्हणून शंका आपोआप मिटत नाहीत. न्यायानं हेही सांगायला हवं की शेवटची काही वर्षं सांभाळ करणाऱ्याला मिळकत लिहून देणं ही संशयाची गोष्ट नाही. तसा सांभाळ खरोखर झाला असेल तर कोर्ट तो बघतं, आणि आपण तो नाकारत बसलो तर आपलीच पत जाते.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. 'सही त्यांची नाही' आणि 'दबाव टाकून सही घेतली' ही दोन्ही विधानं एका दावापत्रात सहज उतरतात. पण दबाव म्हटलं की सही झाली हे अर्धं कबूल होतं, आणि दबाव किंवा फसवणूक सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. त्याचा तपशीलही (कुणी, केव्हा, कसा) दिवाणी संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे लिहावा लागतो. तपशील नसेल तर तो मुद्दा न काढलेला बरा. मृत्युपत्र मयतानं रीतसर केलं हेच नाकारणं आणि शंकास्पद बाबी मांडणं, एवढ्यानं भार समोरच्यावरच राहतो.

दावा वारसा हक्क जाहीर करून मागण्याचा, मृत्युपत्र बंधनकारक नाही असं ठरवून मागण्याचा, गरज असेल तर वाटप आणि मनाईचा. आपण मृत्युपत्रावर सही केलेली नसल्यानं 'रद्द करा' यापेक्षा 'आमच्यावर बंधनकारक नाही' अशी मागणी नेमकी ठरते. हक्क जाहीर करण्याची मुदत, हक्काला पहिल्यांदा बाधा आल्यापासून ३ वर्षं. नोटीस मिळाल्याची तारीख म्हणून जपून ठेवावी. मालमत्तेच्या वादात स्त्री वादीला कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेनं. हिंदू व्यक्तीनं कोल्हापुरात केलेल्या, इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नाही, त्यामुळे 'प्रोबेट नाही म्हणून कागद निकामी' हा मुद्दा इथे चालत नाही.

दाव्यासोबत आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो, विक्री, गहाण आणि ताबा बदलाविरुद्ध. मनाई मिळो न मिळो, लिस पेंडन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू आहे अशी, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावी. सर्च घेणाऱ्याला ती दिसते. मूळ मृत्युपत्र हजर करण्याची मागणी लगेच करावी आणि ते कोर्टाच्या ताब्यात राहील असा अर्ज द्यावा. सहीची तुलना झेरॉक्सवरून होत नाही. 'मूळ कागद २०१९ च्या महापुरात गेला' असं उत्तर आलं, तर मूळ होता, तो अमुक ठिकाणी होता आणि तो गेला, हे आधी सिद्ध केल्याशिवाय प्रत पुराव्यात वाचता येत नाही. त्या घरात खरोखर पाणी आलं होतं का, याचे पंचनामे निघतात.

तुलनेसाठी त्याच काळातल्या, निर्विवाद सह्या लागतात. बँकेचं नमुना सही कार्ड, पेन्शनचा हयातीचा दाखला, सेवा सोसायटीची कर्जरोख्याची कागदपत्रं, कारखान्याच्या ऊस नोंदणीचे अर्ज. दहा वर्षांपूर्वीची खणखणीत सही घेऊन आजारपणातल्या सहीशी ताडली तर तज्ज्ञाचा अहवाल उलटतपासात टिकत नाही. वैद्यकीय कागद लवकर मागवावेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी ते ३ वर्षं जपायचे असतात आणि मागणी झाल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. मृत्युपत्रामागे 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा दाखला जोडलेला असेल तर तो देणारा डॉक्टर मयतावर कधी उपचार करत होता का, हे आधी पाहावं.

जमिनीवर उभा ऊस असेल तर कागदाची लढाई चालू असताना शेतातली दुसरी सुरू होते. समोरचा ऊस नोंद स्वतःच्या नावावर करतो, ई-पीक पाहणीत स्वतःचं नाव लावतो, आणि तोडणी झाली की बिल त्याच्या खात्यावर. कारखान्याला आधी लेखी कळवावं, बिल राखून ठेवायची किंवा कोर्टात जमा करायची मागणी मनाई अर्जातच घालावी. जबरदस्तीनं ताबा घेतला तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदारांकडे ६ महिन्यांत दावा टाकता येतो. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली दिवाणीतही तेवढीच मुदत. सहा महिने ऊस वाढेपर्यंत निघून जातात.

पोलिसांकडे गेलं की 'दिवाणी बाब आहे' हे ऐकावं लागतं. बनावट मृत्युपत्र हा गंभीर गुन्हा आहे (भारतीय न्याय संहितेचं कलम ३३८, आधीचं भादंवि ४६७) आणि कागद कोर्टात येण्याआधी बनवलेला असेल तर फौजदारी तक्रारीला दिवाणी कोर्टाची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा इक्बाल सिंग मारवाह निकाल हा मृत्युपत्राचाच होता. पण तज्ज्ञाचा अहवाल किंवा नोटरी रजिस्टरसारखा ठोस कागद हाती नसताना गुन्हा नोंदवायला धावणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही. तपास ढिसाळ झाला आणि अहवाल समोरच्याच्या बाजूनं गेला, तर तोच कागद दिवाणीत फिरवला जातो.

तडजोड झाली तर ती हक्कसोडपत्राच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये, कोर्टात लेखी नोंदवून हुकूमनामा घ्यावा. निकाल लागला तर अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात थेट जाणारं असेल तर ९० दिवसांत. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांसाठी. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली की काम संपत नाही. ती तलाठ्याकडे, नगर भूमापनात आणि घरफाळा विभागात पुन्हा स्वतंत्र अर्जांनी द्यावी लागते, आणि नवा सातबारा निघाल्यावर 'इतर हक्क' रकान्यात जुन्या वादाचा किंवा मनाईचा शेरा तसाच राहिलेला नाही ना, हे पाहून घ्यावं लागतं.